रिपोर्टखालची ओळ

१

सेंटरमध्ये त्यांना सगळेच ताई म्हणत. डॉक्टर त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, तेही ताईच म्हणत. काउंटरवरची मुलगी त्यांच्या लेकीच्या वयाची, तीसुद्धा ताईच म्हणे. ताईंचं काम एकच होतं. डॉक्टर आतल्या अंधाऱ्या खोलीत एक्स-रेच्या प्लेटा बघत रेकॉर्डरवर बोलायचे आणि ताई मागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून ते बोलणं टाइप करायच्या. त्या खोलीला खिडकी नव्हती. एक टेबल, एक लोखंडी कपाट, छताला पंखा. दार उघडलं की मशीनची घरघर आत यायची, लावलं की नुसता पंखा ऐकू यायचा.

सोळा वर्षं झाली होती या कामाला. सुरुवातीला एखादं वाक्य टाइप करताना त्यांचा हात थांबायचा, दुपारी घास गिळवायचा नाही. पुढे सवय झाली. गाठ, डाग, पाणी, सूज, सगळे शब्दच. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या आईचा रिपोर्टही याच टेबलावर आला होता. डॉक्टर म्हणाले होते, "ताई, हा राहू द्या, मी हातानं लिहितो." ताईंनी तो टाइप केला. एकही चूक झाली नाही. मग डबा उघडला, आणि भाजीत मीठ कमी पडलंय एवढंच त्यांच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून आत कुठेतरी बधिर झालं होतं, भूल दिलेल्या हिरडीसारखं. दुखत नव्हतं. काहीच होत नव्हतं.

एका सोमवारी सकाळी त्यांनी कॉम्प्युटर चालू केला, तर पडद्यावरची अक्षरं फुटलेली होती.

त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला आणि परत लावला. भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे बघितले, ते स्वच्छ दिसत होते. दोन बोटं डोळ्यांसमोर धरली, तीही दोनच दिसली. पडद्यावरच्या प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे मात्र तेच अक्षर, करड्या रंगाचं, केसभर सरकून उभं होतं.

२

दुपारी वायरवाले काका आले. हे सेंटरचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे. जाडजूड गृहस्थ, खिशाला चार-पाच स्क्रू ड्रायव्हर लटकवलेले. खुर्चीत बसण्याआधी ते खुर्चीलाच विचारायचे, "झेपेल ना गं बाई?"

त्यांनी पडद्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "सावली पडतेय अक्षराला."

"माझे डोळे तर नाहीत ना?"

"छे. मलाही दिसतेय. आता चोर कुठे बसलाय ते शोधू."

आधी त्यांनी पडद्याचा साइज तपासला, तो बरोबर होता. मग पडद्यावर जे दिसतंय त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि काउंटरवरच्या मशीनवर उघडून बघितला. तिथे अक्षरं एकदम कोरीव दिसली.

"म्हणजे आत सगळं ठीक आहे," काका म्हणाले. "कॉम्प्युटरला स्वतःला ही सावली माहीतच नाही. बाहेर येताना वाटेत काहीतरी होतंय."

त्यांनी वायर बदलली. सावली तशीच. काउंटरवरचा मॉनिटर उचलून आणून जोडला. सावली तशीच. ताईंचा मॉनिटर काउंटरवर जोडला, तर तिथे तो आरशासारखा स्वच्छ. शेवटी त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडून आतलं, पडद्याला चित्र पुरवणारं ग्राफिक्स कार्ड काढलं, ब्रशनं धूळ झटकली, सोनेरी कडेवरून खोडरबर फिरवला आणि परत बसवलं. सावली तशीच.

"कार्डच गेलंय. हे जुन्या पद्धतीचं आहे, मागवावं लागेल. गुरुवारपर्यंत कळ काढा."

जाताना त्यांनी मॉनिटरची बटणं दाबून एक यादी उघडून दाखवली. "हा फेजचा आकडा. वरखाली केला की सावली सरकते. जाणार नाही, पण अक्षराच्या मागे दडली तर डोळ्याला टोचणार नाही. फक्त पार टोकाला नेऊ नका. दोन-दोन पानं दिसायला लागतील आणि डोकं उठेल."

ताईंनी मान हलवली. त्यांचं डोकं बऱ्याच दिवसांत उठलं नव्हतं.

३

मंगळवारी त्या सावलीसकट काम करायला बसल्या. अकरा रिपोर्ट होते. सेंटरची पद्धत अशी की प्रत्येक पेशंटचं एकच पान. तो परत आला की तेच पान उघडायचं आणि जुन्या मजकुराच्या खाली नवा टाकायचा.

चौथा रिपोर्ट एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा होता. तीन आठवडे खोकला, छातीचा एक्स-रे. डॉक्टरांचा आवाज नेहमीसारखा सपाट. सर्व काही नॉर्मल. ताईंनी पूर्णविराम दिला आणि पान छापायला माउस उचलला, तेव्हा त्यांना ती दिसली.

पूर्णविरामाच्या खाली, कोऱ्या जागेत, एक करडी ओळ होती.

ती वाचता येत नव्हती. धुरकट, मुंग्यांच्या रांगेसारखी. पण तिच्या जोडीची खरी अक्षरं नव्हती. ताईंनी पान वर सरकवलं, ओळही वर सरकली. पान बंद करून पुन्हा उघडलं. ओळ तिथेच. छापून बघितलं. कागद कोरा.

आधीच्या कुठल्यातरी पानाचा उरलेला मजकूर असेल, असं त्यांनी ठरवलं. काकांना फोन लावला, तर तेही तसंच म्हणाले, "कार्डाच्या पोटात राहतो कधीकधी कचरा." हे पटण्यासारखं होतं. तरी ताईंनी उरलेले रिपोर्ट टाइप केल्यावर अकराही पानं एकेक करून परत उघडली. नऊ पानांवर सावली मजकुराएवढीच होती, इकडची अक्षरं संपली की तिकडचीही संपत होती. दोन पानांवर ती पुढे जात होती. एक शिवणकामवाल्या बाईंचं. दुसरं एका रिटायर पोस्टमनचं, तिथे खाली दोन ओळी होत्या.

पंखा फिरत होता. ताईंना भीती वाटली नाही. त्यांच्या फक्त लक्षात आलं, की बराच वेळ आपण श्वास घेतलेला नाही.

४

"डॉक्टर, त्या शिवणकामवाल्या बाईंची प्लेट परत एकदा बघता का?" ताईंनी दारातून विचारलं. "शेवटी आवाज नीट आला नाही."

"नॉर्मल आहे म्हणालो ना?"

"तेच ऐकू आलं. पण पुढे काही होतं का?"

डॉक्टरांनी कुरकुरत प्लेट दिव्यावर लावली. बघितली. मग खुर्ची पुढे ओढली आणि नाक प्लेटला टेकेपर्यंत वाकले. दिव्याची बारीक गुणगुण तेवढी चालू होती.

"हाडाच्या आड आहे," ते हळूच म्हणाले. "केवढासा. मला दिसलाच नाही." मग त्यांनी तिथेच उभ्याउभ्या सांगितलं, "लिहा. उजवीकडे वरच्या भागात लहान डाग. पुढील तपासणी आवश्यक."

ताई परत येऊन बसल्या आणि टाइप करू लागल्या. 'उजवीकडे' या शब्दाचं पहिलं अक्षर पडलं, ते नेमकं करड्या ओळीच्या सुरुवातीला. दुसरं पडलं. प्रत्येक अक्षर आपल्या सावलीवर झाकण बसावं तसं बसत गेलं. शेवटच्या पूर्णविरामाला करडी ओळही संपली. आख्ख्या पडद्यावर तेवढीच ओळ स्वच्छ होती. काळी, कोरीव, नव्या नाण्यासारखी.

शिवणकामवाल्या बाईंना दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. जाताना त्या मागच्या खोलीच्या दारात आल्या. "डॉक्टर म्हणाले, तुम्ही हटकलंत म्हणून कळलं. वेळेवर कळलं म्हणाले. देवासारख्या धावून आलात हो ताई."

ताई म्हणाल्या, "नीट औषधं घ्या." आणि त्यांनी हेडफोन परत कानाला लावला.

मग त्यांनी पोस्टमनची प्लेटही डॉक्टरांना परत बघायला लावली. डॉक्टरांनी या वेळी भिंग घेतलं, पाच मिनिटं बघितलं आणि मान हलवली. "काही नाही इथे. अगदी स्वच्छ."

"नक्की?"

"ताई, एकदा चुकलो म्हणून रोज परीक्षा घेणार का माझी?"

पोस्टमनच्या पानाखाली त्या दोन ओळी तशाच राहिल्या.

५

बुधवारी दुपारी ताईंचे यजमान सेंटरमध्ये आले. ते लिफ्टचे मेकॅनिक होते. कंपनीला दरवर्षी कामगारांच्या छातीचा एक्स-रे लागे आणि ओळखीचं सेंटर म्हणून ते इथेच काढायचे. आले की काउंटरवरच्या मुलीला हसवल्याशिवाय पुढे जायचे नाहीत.

"आमच्या बाईसाहेब आहेत का आत? का वरच्या मजल्यावर गेल्या? आणायला लिफ्ट पाठवू?"

प्लेट काढून झाल्यावर ते मागच्या खोलीत डोकावले. "अगं, संध्याकाळी येताना दूध मी आणतो. तू थेट घरी ये. आणि चेहरा असा का? माझं काही खराब निघालं का?"

"अजून डॉक्टरांनी बघितलं नाही," ताई म्हणाल्या.

"निघणार नाही. आपलं मशीन ओरिजिनल आहे." छातीवर थाप मारून ते निघून गेले.

अर्ध्या तासानं त्यांच्या नावाचं रेकॉर्डिंग आलं. फुप्फुसं स्वच्छ. हृदयाचा आकार योग्य. सर्व काही नॉर्मल. डॉक्टर शेवटी गमतीनं म्हणाले होते, "तुमचे मिस्टर घोड्यासारखे आहेत ताई, हे लिहू नका."

ताईंनी पूर्णविराम दिला आणि खाली बघितलं.

तिथे एखाद-दुसरी ओळ नव्हती. पान संपेपर्यंत करडं होतं.

त्या उठल्या आणि डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी प्लेट परत बघितली. ताई दारातून हलल्या नाहीत म्हणून तिसऱ्यांदा बघितली. मग दिवा बंद करून ते त्यांच्याकडे वळले. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता.

"ताई, आई गेल्यावर तुम्ही एक दिवसही रजा घेतली नाहीत. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. चार दिवस घरी राहा."

"उद्या कार्ड बदलायला येणार आहेत," ताई म्हणाल्या. "मग बघू."

घरी गेल्यावर यजमानांनी दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली आणि दिवसभराच्या गमती सांगितल्या. कुठल्याशा इमारतीत लिफ्टमध्ये अडकलेले एक आजोबा तिथेच खाली बसून झोपी गेले होते म्हणे. ताईंनी सगळं ऐकलं. हसायच्या जागी हसल्याही. त्या त्यांच्याकडे बघत होत्या. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, कानामागे राहिलेला ग्रीसचा काळा डाग. सगळं स्पष्ट दिसत होतं, कडांसकट.

६

गुरुवारी अकराला वायरवाले काका नवं कार्ड घेऊन आले आणि काउंटरवर चहा पीत बसले. "पाच मिनिटांत आलोच, ताई," त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं.

ताईंनी दार लावून घेतलं. यजमानांचं पान उघडलं. मग मॉनिटरचं बटण दाबून ती यादी काढली आणि फेजचा आकडा वाढवायला सुरुवात केली.

सावली अक्षरांपासून सुटली. आधी केसभर, मग बोटभर. आकडा टोकाला पोचला तेव्हा पडद्यावर दोन पानं होती, डावीकडे काळं आणि उजवीकडे करडं. करडं आता धुरकट राहिलं नव्हतं. फिकट होतं, पण वाचता येत होतं.

ताईंची नजर आधी खाली गेली, कारण खाली काहीतरी हलत होतं.

करड्या पानावरचा मजकूर अजून पुरा झाला नव्हता. शेवटच्या ओळीच्या टोकाला उभी रेघ लुकलुकत होती आणि तिच्यामागून एकेक अक्षर उमटत होतं. ताईंचे दोन्ही हात मांडीवर होते. अक्षरं येत, थांबत, परत येत. कुणीतरी सांगतंय आणि कुणीतरी ऐकून लिहितंय, असं थांबणं. मग एक शब्द आला, 'फुफुस'. रेघ थबकली. तीन घरं मागे गेली. मधलं अर्धं अक्षर घालून शब्द नीट करून पुढे निघाली.

सोळा वर्षांत ताईंचं बोट याच एका शब्दावर घसरत आलं होतं. दर वेळी तेच अर्धं अक्षर सुटायचं, आणि दर वेळी त्या तीनच घरं मागे जायच्या. दुसरं कुणी असं चुकताना त्यांनी पाहिलं नव्हतं.

कुणाचा हात आहे, हे त्यांना कळलं. लिहिणारीला घाई नव्हती. तिचा हात कापत नव्हता.

खालचा मजकूर वाचायचा नाही म्हणून त्यांनी नजर वर नेली, तर ती करड्या पानावरच्या त्याच शेवटच्या नोंदीच्या माथ्यावरच्या तारखेवर पडली. सतरा. ऑक्टोबर. पुढचे चार आकडे वाचायच्या आत त्यांनी मॉनिटरचं बटण दाबलं.

पडदा काळा झाला. पंखा फिरत होता. आणि टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून, रेकॉर्डिंग तर कधीच संपलं होतं, तरी बारीक खटखट येत होती. कीबोर्डची. थोडी थांबून, परत.

दारावर टकटक झाली.

"बदलू ना ताई?" काका स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन उभे होते. "का सवय झाली सावलीची?"

ताईंना वाटलं, नको म्हणावं. अजून कितीतरी पेशंट येतील, त्या शिवणकामवाल्या बाईंसारखे. त्यांच्यासाठी तरी राहू द्यावं. मग काका खुर्चीकडे आले, आणि ताईंनी पाहिलं की आपण खुर्ची मागे सरकवून आधीच उठलो आहोत.

"बदला," त्या म्हणाल्या.

दहा मिनिटांत पडदा स्वच्छ झाला. जुनं कार्ड काका पिशवीत घालून घेऊन गेले.

७

आठ महिन्यांनी पोस्टमन परत आले. त्यांच्या पानाखाली ताईंनी दोन ओळी टाइप केल्या. डॉक्टरांनी प्लेट खाली ठेवत विचारलं, "या गृहस्थांबद्दल तुम्ही मागे काही विचारलं होतं ना?"

"आठवत नाही," ताई म्हणाल्या.

त्यांनी यजमानांना काही सांगितलं नाही. काय सांगणार? वर्षातून दोनदा तपासून घ्या, एवढं मात्र त्या सांगत, आणि ते "ओरिजिनल मशीन" म्हणत हसत हसत येऊन जात. दर वेळी नॉर्मल. ताईंनी स्वतःशी एक हिशेब मांडला होता. ते पान लिहिणारा हात आपला आहे. सतरा ऑक्टोबरला आपण त्या टेबलापाशी नसलो, तर ते लिहिलं जाणार नाही. हे शहाणपणाचं नाही, हे त्यांना कळत होतं. तरी दरवर्षी महिनाभर आधी त्या रजेचा अर्ज द्यायच्या, एका दिवसाचा. डॉक्टर कारण विचारायचे नाहीत. आईचं काही असेल, असं ते समजत.

पहिल्या वर्षी त्या दिवसभर घड्याळ बघत बसल्या. दिवस गेला. दुसऱ्या वर्षी कपाटं आवरली. दिवस गेला. तिसऱ्या वर्षी दुपारी चक्क झोप लागली.

चौथ्या वर्षीच्या सतरा ऑक्टोबरला यजमान सकाळी नेहमीसारखे कामावर गेले. दोन दिवस घसा बसला होता, म्हणून विनोद हातवारे करून सांगत गेले. ताईंनी डबे घासून उन्हात ठेवले. साडेतीनला चहा टाकला, आणि फोन वाजला. डॉक्टर होते. ते स्वतः कधी फोन करत नसत.

"ताई, जरा येता का सेंटरवर?"

"आज रजा आहे माझी."

"माहीत आहे. म्हणून तर काउंटरवरून न करता मीच केला."

मागे मशीनची घरघर ऐकू येत होती. कुणीतरी खोकलं, मग बसलेल्या घशानं काहीतरी बोललं, आणि काउंटरवरची मुलगी हसायला लागून मध्येच थांबली.

"काय काम आहे, डॉक्टर?"

"एक रिपोर्ट आहे. फोनवर नको. तुम्ही या, मग बोलू. रिक्षानं या."

ताईंनी आत काही हलतंय का, याची थोडा वेळ वाट पाहिली. हललं नाही. गॅसवर चहा वर येत होता.

"येते," त्या म्हणाल्या.

त्यांनी गॅस बंद केला. दोघांचा चहा कपांत गाळून त्यावर बशा झाकल्या. मग दार ओढून घेतलं, कुलूप लागलं का ते दोनदा हिसका देऊन बघितलं, आणि त्या जिना उतरू लागल्या.